एक खिडकी योजना

पुसदच्या माणसाला कोणी सांगितलं की ‘तुमची सगळी कामं आता एकाच ठिकाणी होतील’, तर खूश होण्याआधी तो एक प्रश्न विचारतो. ते ठिकाण कुठं आहे? कारण आमचं सगळं पिढ्यान् पिढ्या एकाच ठिकाणी आहे आणि त्या ठिकाणाचं नाव यवतमाळ. दिग्रस-दारव्ह्याकडून जा नाहीतर आर्णीकडून, शंभरेक किलोमीटर चुकत नाहीत. सोळा तालुक्यांचा हा जिल्हा फोडून पुसद जिल्हा करा, ही मागणी जुनी आहे. शेजारच्या गहुलीचे वसंतराव नाईक 1963 पासून 1975 पर्यंत मुख्यमंत्री होते, पुढं 1991 ते 1993 सुधाकरराव झाले. दोन मुख्यमंत्री दिलेला तालुका तालुकाच राहिला, आणि शेजारचं वाशीम अकोल्यापासून सुटून जिल्हा झालं. कधी? 1 जुलै 1998 ला. 1 जुलै म्हणजे वसंतरावांचा जन्मदिवस, राज्याचा कृषी दिन. तारीख आमची, जिल्हा त्यांचा.

त्यामुळं गेल्या दिवाळीत आमच्या वकीलसाहेबांची भाची पुण्याहून आली आणि त्यांच्या संगणकाकडं बोट दाखवून म्हणाली, “मामा, ह्यात मेल, कॅलेंडर, पत्ते, कामांची यादी, सगळं एकाच खिडकीत आहे,” तेव्हा साहेबांनी चष्मा कपाळावर सारला आणि विचारलं, “आणि खिडकीवरचा माणूस चहा प्यायले गेला की?”

भाची हसली. पण मी सांगतो, गेली तीस वर्षं संगणकवाले ज्या एका प्रश्नावर भांडताहेत तो हाच आहे.

आधी प्रकरणाची वस्तुस्थिती सांगतो. साहेबांच्या ऑफिसातला संगणक जुना, पण तब्येतीनं धडधाकट. त्यावर विंडोज 10 होतं. मायक्रोसॉफ्टनं 14 ऑक्टोबर 2025 ला त्याचा आधार काढून घेतला. नव्या विंडोज 11 ला टीपीएम 2.0 नावाची एक चिप लागते. ती या यंत्रात नव्हती. म्हणजे यंत्र चालतं, कळफलक चालतो, पडदा दिसतो, फक्त कागदपत्रात एक दाखला कमी. पुसदमध्ये असल्या कारणानं आजवर माणसांचीच कामं अडत होती, आता यंत्राचंही अडलं. भाची इथल्याच बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेली. भंगारात चांगली वस्तू जाऊ द्यायची नाही, हे तिच्यात मुरलेलं. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी तिनं त्यावर डेबियन नावाचं लिनक्स चढवलं आणि सोबत ते सर्वसमावेशक मेल-कॅलेंडरही. त्याचं नाव मी सांगत नाही. पुढं त्याच्यावर काही आरोप होणार आहेत, आणि वकीलसाहेब माझे मित्र असले तरी बदनामीचा खटला ते समोरच्या बाजूनंही चालवू शकतात.

मी निवृत्त शिक्षक. संध्याकाळी साहेबांच्या ऑफिसात माझी हजेरी ठरलेली असते, आणि संगणकाच्या बाबतीत मला ज्येष्ठत्वाचा मान आहे, कारण मी एमएस-सीआयटी पास आहे. हा अभ्यासक्रम केला नाही तर वेतनवाढ अडेल, या एका धाकावर राज्यातल्या किती गुरुजींनी आयुष्यात पहिल्यांदा माउस हातात धरला असेल! त्याच्या पुस्तकात आउटलुकही होतं. मीटिंग कशी ठेवायची, निमंत्रण कसं धाडायचं, हे आम्ही मन लावून पाठ केलं, परीक्षेत लिहिलं आणि शाळेत परत जाऊन सभेची सूचना नेहमीसारखी वहीत लिहून शिपायाबरोबर वर्गावर्गात फिरवली. सगळ्यांनी वाचून सह्या केल्या. कोणाला पोहोचली, कोणाला नाही, हे जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर आजही इतक्या खात्रीनं सांगत नाही.

तर प्रश्न असा की आजच्या चकचकीत डेस्कटॉपवर हे असलं सगळं-एकात-एक गाठोडं शोभतं का? नवी समजूत अशी की माणूस एका वेळी एकच काम करतो, म्हणून एका कामाला एक छोटी, स्वच्छ, रिकामी खिडकी असावी. तिच्यात दोन बटणं असावीत आणि त्यातलं एक लपलेलं. ही समजूत पसरवणाऱ्यांनी पुसदच्या वकिलाचं टेबल पाहिलेलं नाही. काचेखाली लग्नपत्रिका, काचेवर वकालतनामे, त्यांच्यावर वाटीत शेंगदाणे, शेजारी फोन, फोनवर उमरखेडचा पक्षकार आणि समोरच्या खुर्चीत महागावचा. असा माणूस जुन्या पद्धतीच्या, मेनूंनी खच्चून भरलेल्या खिडकीसमोर बसतो तेव्हा त्याला घरी आल्यासारखं वाटतं. रिकामी खिडकी दिसली की त्याला वाटतं वीज गेली.

आता या भांडणाचा इतिहास. 1997 साली नेटस्केपनं कम्युनिकेटर काढलं. इंटरनेट पाहणं, मेल, चर्चा, स्वतःचं पान बनवणं, सगळं एकाच पोत्यात. त्याच सुमाराला ऑफिस 97 बरोबर मायक्रोसॉफ्टचं आउटलुक आलं. नेटस्केपमध्ये मेलचंच काम केलेल्या जेमी झाविन्स्की या प्रोग्रॅमरच्या नावावर एक नियम सांगतात. प्रत्येक सॉफ्टवेअर मेल वाचता येईपर्यंत फुगत जातं, आणि जे फुगत नाही त्याची जागा फुगणारं दुसरं घेतं. लिनक्सवाल्यांना हेवा वाटला असावा. डिसेंबर 2001 मध्ये झिमियन कंपनीनं त्यांच्यासाठी इव्होल्यूशन आणलं. ते दिसायला इतकं आउटलुकसारखं की तिकडून आलेल्या माणसाला गाव बदलल्याचं कळूही नये.

मग वारं फिरलं. पोतं फार जड झालं म्हणून 2004 च्या शेवटी फायरफॉक्स वेगळं निघालं, मेलसाठी थंडरबर्ड वेगळं निघालं. कॅलेंडरलाही स्वतंत्र संसार थाटून दिला, नाव ठेवलं सनबर्ड. तो संसार 2010 मध्ये आटोपला. कॅलेंडर थंडरबर्डच्या ओसरीवर येऊन राहिलं आणि 2020 पर्यंत त्याच घराच्या रेशनकार्डावर चढलं. मायक्रोसॉफ्टनं विंडोज 10 मध्ये मेल आणि कॅलेंडर अशी दोन हलकी सॉफ्टवेअरं सुटी दिली होती. 31 डिसेंबर 2024 ला त्यांचा आधार काढला आणि सगळ्यांना सांगितलं, चला, नव्या आउटलुकच्या खिडकीवर रांग लावा. जिल्हा फोडायचा, जोडायचा, परत फोडायचा. मुंबईतले लोक निदान एकाच बाजूला निर्णय न घेता बसतात, हे संगणकवाले तर दोन्ही बाजूंना निर्णय घेतात.

सगळ्यात गंमत गनोमवाल्यांची. गनोम म्हणजे लिनक्सवरचा तो मॉडर्न म्हणवणारा डेस्कटॉप. त्यांनी कॅलेंडर वेगळं केलं, पत्त्यांची वही वेगळी केली. देखण्या, हवेशीर खिडक्या. पण आत डोकावलं तर दोन्ही खिडक्यांमागं कागद काढून देणारी यंत्रणा एकच, तिचं नाव इव्होल्यूशन डेटा सर्व्हर. म्हणजे दर्शनी भागात पाट्या नव्या, काच नवी, रांगा वेगळ्या, आणि मागं कपाट एकच, चावी त्याच जुन्या कारकुनाच्या कनवटीला. तहसील कचेरीत आयुष्य घालवलेल्या कोणालाही ही रचना समजावून सांगावी लागत नाही.

साहेबांच्या चहाच्या प्रश्नाचं उत्तर पहिल्याच आठवड्यात मिळालं. त्या खिडकीनं कित्येक वर्षांची साठलेली मेल खाली ओढायला घेतली. बँकेची स्टेटमेंटं, विमा कंपन्यांच्या नोटिसा, ‘सोबत जोडलेले पत्र पाहावे’ असं लिहून पत्र जोडायला विसरलेली पत्रं. ओढता ओढता खिडकी गोठली. तेवढ्यात साहेबांना उद्याची तारीख पाहायची होती. कॅलेंडर त्याच खिडकीत, म्हणून तेही गोठलं. पत्तेही गोठले. खाली ‘मेमो’ नावाचं एक बटण आहे, त्याला मात्र मी आजवर हात लावलेला नाही. शाळेत नोकरी केलेल्या माणसानं मेमो आपणहून उघडू नये.

साहेबांचे कारकून कोपऱ्यात लाल डायरी उघडून शांत बसले होते. म्हणाले, “साहेब, त्या डब्ब्याले ईचारू नका, मले ईचारा. उद्या दोन म्याटर हायेत. एक पुराव्याले, एक युक्तिवादाले.”

एवढ्यावर निकाल द्यायचा तर तो गाठोड्याच्या विरोधात गेला असता. पण त्याची दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. पत्र आणि तारीख या दोन गोष्टी मुळात वेगळ्या नाहीतच. माणूस माणसाला पत्र लिहितो ते बहुतेक वेळा ‘अमक्या दिवशी या’ किंवा ‘अमक्या दिवसापर्यंत पैसे भरा’ हे सांगायला. 1998 मध्ये आयकॅलेंडर नावाचं एक मानक ठरलं, तेव्हापासून मेलबरोबर तारखेची एक छोटी फाइल येऊ शकते. मेल उघडलं की तिथंच विचारणा होते, स्वीकार, कदाचित की नकार? बटण दाबलं की तारीख कॅलेंडरात बसते आणि त्या दिवशी आधीचं काही असेल तर तेही दिसतं. सुट्या खिडक्यांत हेच काम करायचं तर या दारातून त्या दारात कागद स्वतः न्यावा लागतो. तिथं गाठोडं जिंकतं, यात वाद नाही.

फक्त हे मानक ठरवणाऱ्यांत विदर्भातलं कोणी नसावं.

झालं असं की भाचीनं पुण्यात फ्लॅट घेतला. वास्तुशांतीचं निमंत्रण तिनं सगळ्यांना फोनवर दिलंच, वर ऑफिसच्या सवयीनं मेलवरूनही धाडलं. साहेबांनी मेल उघडलं. खिडकीनं प्रामाणिकपणे दाखवलं की त्याच दिवशी सत्र न्यायालयात युक्तिवाद आहे. साहेबही प्रामाणिक. त्यांनी ‘नकार’ दाबलं. आता आपल्याकडं नकाराची एक रीत आहे. आधी ‘यायचंच होतं’ म्हणायचं, मग तब्येत, मग पाहुणे, मग गाडी मिळत नाही, आणि शेवटी न येता असं वागायचं की समोरच्याला वाटावं माणूस येऊनच गेला. खिडकीनं यातलं काही केलं नाही. तिनं एका ओळीचं उत्तर परस्पर पुण्याला रवाना केलं की मामांनी निमंत्रण नाकारलं आहे. अर्ध्या तासात साहेबांच्या थोरल्या बहिणीचा फोन. “लेकीच्या घरचं बोलावणं नाकारलं म्हणे तू? आणि तेही लेखी?”

“अवो ताई, कदाचित दाबायचं होतं,” साहेब म्हणाले.

“भाचीच्या वास्तूले कदाचित?”

शेवटी मामी रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं साडी आणि आहेर घेऊन गेल्या, तेव्हा प्रकरण आपसात मिटलं. पुसदमध्ये आता मेलवर निमंत्रण आलं की साहेब काहीच दाबत नाहीत. फोन करून ‘येतोच ना’ म्हणतात. जाणं न जाणं नंतरचं.

भाचीनं हार मानली नाही. तिचं म्हणणं असं की दोष एकट्याच्या कॅलेंडरचा आहे, ते सगळ्यांत वाटून घेतलं पाहिजे. मग तिनं मामा-मामींचं सामायिक कॅलेंडर केलं. त्याचा परिणाम पाहण्यासारखा होता. साहेब एका पक्षकाराला गंभीर चेहऱ्यानं ताब्याच्या दाव्यातले धोके समजावत असताना पडद्याच्या कोपऱ्यात पाटी उगवली. ‘दूध दीड लिटर, कढीपत्ता.’ पक्षकारानं ती वाचली. फीच्या बोलण्यात त्या दिवशी साहेबांचा आवाज थोडा खाली आला असं मला वाटलं. तिकडं महिला मंडळाच्या हळदीकुंकवात मामींचा फोन वाजला आणि शेजारणीनं मोठ्यांदा वाचलं, ‘आरोपीची उलटतपासणी.’ त्यानंतर मंडळात वकीलसाहेबांची फार चौकशी झाली.

इथं मला भिंतीवरच्या कालनिर्णयची बाजू घ्यावीशी वाटते. जयंतराव साळगावकरांनी 1973 मध्ये ते सुरू केलं, तेव्हा आउटलुकचा पत्ता नव्हता. पण सगळं-एकात-एक म्हणजे काय, हे मराठी घराला तेव्हाच कळलं. पुढं तिथी, सण, सुट्ट्या, संकष्टीचा चंद्रोदय. मागं पाककृती, आरोग्य, राशिभविष्य. चौकोनांत घरच्यांच्या हस्ताक्षरात दुधाचा हिशेब, सिलिंडर लावल्याची तारीख, धुणंवालीचा खाडा. त्याला पासवर्ड नाही. ते कोणा एकाचं नाही. स्वयंपाकघरात जो येईल तो वाचतो आणि ज्याचा त्यातला भाग आहे तेवढाच उचलतो. पक्षकार तिथपर्यंत येत नाही, कारण तो बैठकीत बसतो. ही सोय एका खिळ्यानं होते. गाठोडं बनवणाऱ्यांनी एका माणसाचं सगळं एकत्र केलं. भिंतीनं एका घराचं एकत्र केलं होतं, आणि माझ्या मते घोळ सगळा इथंच आहे. मामींना मामांच्या मेलशी काही घेणं नाही. दोघांनाही उद्या दूध किती हे मात्र माहीत हवं.

बरं, सगळ्याच तारखा यंत्राला झेपतात असंही नाही. कृषी दिन 1 जुलै, संत सेवालाल महाराज जयंती 15 फेब्रुवारी. या तारखा भाचीनं एकदा घातल्या, ‘दरवर्षी’ला टिचकी मारली, संगणक खूश. पण पोहरादेवीची रामनवमीची यात्रा? पोळा आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा? ‘प्रत्येक महिन्याचा तिसरा मंगळवार’ हे यंत्राला कळतं, ‘चतुर्थी मंगळवारी आली तर अंगारकी’ हे कळत नाही. आयकॅलेंडरला 2015 मध्ये एक पुरवणी जोडली गेली, तिच्यात चिनी, हिब्रू, इथिओपियन कालगणनांची व्यवस्था लावली. तिथीचा क्षय, वृद्धी आणि अधिक महिना यांचा अर्ज बहुधा अजून आवक-जावक विभागात आहे. गेल्या दिवाळीत तर माणसांचंच एकमत नव्हतं. उत्तरेत अनेकांनी लक्ष्मीपूजन 20 ऑक्टोबरला केलं, आपल्या पंचांगांनी 21 सांगितलं. तिथं यंत्राला काय बोल लावणार?

एवढं सगळं असून साहेबांनी ते गाठोडं काढून टाकलेलं नाही, आणि मीही काढा म्हणालो नाही. कारण पावसाळी हवेच्या एका दिवशी रस्त्याच्या खोदकामात जेसीबीनं केबल तोडली आणि गावातलं इंटरनेट दिवसभर गेलं. समोरच्या झेरॉक्सवाल्याचं मेल ब्राउझरमध्ये उघडणारं. तो पडद्यावर गोल फिरणारं चक्र बघत बसला. साहेबांच्या यंत्रावर मात्र आधी खाली उतरलेलं प्रत्येक पत्र, प्रत्येक नोटीस, प्रत्येक पत्ता जागच्या जागी होता. त्यांनी शांतपणे जुनं पत्र शोधलं, छापलं आणि कोर्टात गेले. तेव्हा मला त्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. खिडकी एक असो की पाच, त्याचं पुसदकराला काही नाही. ती पुसदमध्ये असावी. ब्राउझरमधलं मेल म्हणजे यवतमाळला जाऊन सातबारा पाहणं. रस्ता चालू असेल तोवर उत्तम. मॉडर्न डेस्कटॉपला हे गाठोडं ओबडधोबड दिसत असेल तर दिसो. कपाट आपल्या घरात आहे, आणि गोठली तरी खिडकी आपलीच गोठते. वीज गेली तर गोष्ट वेगळी. इन्व्हर्टरवर साहेबांचा पंखा आणि मामींचा देवघरातला दिवा चालतो, संगणकाचा नंबर तिसरा आहे.

सध्या व्यवस्था अशी लागली आहे. पत्रं खिडकीत, कोर्टाच्या तारखा कारकुनांच्या लाल डायरीत, घर भिंतीवर. ई-कोर्टवर पुढची तारीख आता फोनवरही दिसते, पण न्यायाधीशांनी तारीख विचारली की साहेब फोनकडं पाहत नाहीत, मान वळवून मागं पाहतात. आणि मागून आवाज येतो, “बावीसले नाही जमत साहेब, उमरखेडची हाये.”

फक्त एक नोंद तेवढी राहून गेली आहे. भाचीनं दिवाळीत मामींचे सण संगणकात घातले ते समोर टांगलेल्या 2025 च्या कालनिर्णयवरून. वटपौर्णिमा 10 जून, सकाळी सातला आठवण, दरवर्षी. यंदा 17 मेपासून 15 जूनपर्यंत अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळं 2026 ची खरी वटपौर्णिमा 29 जूनला. म्हणजे 10 जूनला संगणक मामींना वडाकडं पाठवणार आणि 29 ला भिंत पाठवणार. मी हे साहेबांच्या लक्षात आणून दिलं.

“राहू द्या सर,” साहेब म्हणाले. “एका पूजेले सात जन्म, दोनदा झाली तर चौदा. आपलं काय नुकसान आहे?”

मामी चहा घेऊन आत येत होत्या. त्यांनी ट्रे काचेवर, लग्नपत्रिकांच्या वर ठेवला आणि म्हणाल्या, “ते दहा जूनचं आजच्या आज काढा. एकोणतीसचं काय करायचं ते मी पाहते.”